पारिसअण्णांची रामपत्री

कुठल्याही झाडाचं पान हाताला लागलं की पारिसअण्णा ते आधी अंगठा आणि पहिल्या बोटात धरून हळूच चोळायचे, मग उजेडाला धरायचे, मग नाकाशी न्यायचे आणि त्यानंतरच झाडाचं नाव विचारायचे. नावाची त्यांना कधी घाई नसायची. पान किती जाड, शीर किती चिवट, आत ओल किती, हे आधी ठरलं पाहिजे. "ह्येला वजन हाय," म्हणाले की पान पास, आणि "पोकळ हाय," म्हणाले की नापास. निपाणीत तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढलेला माणूस, तो कणकुंबीच्या रानात आला तरी बोटं वखारीतलीच राहिली. फरक एवढाच की इथे ते पान तोडायचे नाहीत. खाली पडलेलं असेल तर उचलायचे, नाहीतर फांदी न ओढता स्वतःच वाकून पानाला नाक लावायचे. पासष्टी ओलांडलेला, उंच, टकलावर पावसाचे थेंब घेऊन झुडपात नाक खुपसून उभा असलेला माणूस बघून नवीन आलेली कॉलेजची पोरं बिचकायची. मी त्यांना सांगायची, घाबरू नका, ते फक्त भाव ठरवतायत.

आमचा प्रकल्प जांबोटीवरून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, कणकुंबीच्या थोडं अलीकडे होता. पूर्वी कधीतरी तोडून मोकळ्या केलेल्या उतारावर मूळचं सदाहरित जंगल परत उभं करायचं, असं ते काम. रानातलं बी गोळा करायचं, रोपवाटिकेत रोपं करायची आणि पावसात ती उतारावर लावायची. एवढं सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात दिवसभर माती चाळा, पिशव्या भरा, रानमोडीचं तण उपटा, चिखलात घसरा आणि संध्याकाळी चुलीपुढे मोजे वाळत घाला. मी टिळकवाडीतल्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. नोकरीभर फळ्यावर खडूनं पश्चिम घाट काढला, तेव्हा एकदा आत जाऊन बघावा म्हणून आले आणि राहिले. अण्णा का आले, ते त्यांनी पहिल्याच दिवशी चहा पिताना सांगून टाकलं.

"जन्मभर वाळवत आलो ओ बाई. आता जरा वलं ठिवायचं काम बघावं म्हटलं."

त्या चहात त्यांनी किती साखर घातली होती ते मी बघितलं होतं. चमचा उभा राहील असा चहा. अण्णांना गोडाचं भारी वेड. पिशवीत कागदाच्या पुडीत गूळ असायचाच, आणि भागूनं, म्हणजे आमच्या स्वयंपाकाला गावातून येणाऱ्या बाईनं, सणाला पोळी केली की अण्णा सकाळपासून चुलीच्या आसपास काहीतरी काम काढायचे.

बाकी खाण्यापिण्याचे त्यांचे नियम कडक. जैन माणूस. दिवस मावळायच्या आत जेवण, कांदा-बटाटा वर्ज्य, पाणी गाळून. पाणी गाळायचं पांढरं फडकं ते झऱ्यावर घेऊन जायचे, आणि गाळून झालं की उलटं करून त्याच झऱ्यात खंगाळायचे, म्हणजे फडक्यात अडकलेला जीव परत आपल्या घरी जातो. आमचा निखिल, प्रकल्पाचा प्रमुख, कोल्हापूरचा वनस्पतिशास्त्रज्ञ पोरगा, पहिल्यांदा हे बघून म्हणाला, "अण्णा, असं कुणी करताना मी बघितलं नव्हतं." अण्णा म्हणाले, "मग आता बघितलासा." त्यांच्यामुळे सगळ्यांचं जेवण उजेडी व्हायला लागलं. भागूला लवकर घरी जायला मिळायचं, त्यामुळे अण्णांच्या धर्मावर तिची सगळ्यात जास्त श्रद्धा बसली.

आता अशा माणसाला जंगलात काम द्यायचं म्हणजे पंचाईत. आमचं निम्मं काम उपटण्याचं. रानमोडी मुळासकट काढली नाही तर रोपाला गिळून टाकते. अण्णांनी पहिल्या दिवशी हातात कुदळ घेतली, बघितली आणि परत ठेवली. "तुम्ही उपटा, मी लावतो," म्हणाले. मग त्यांनी रोपवाटिका धरली. पिशव्या भरण्यात त्यांचा हात इतका बसला की भरलेली पिशवी ते तळहातावर घेऊन वजन बघायचे आणि हलकी वाटली तर परत ओतायचे. भागू चिडवायची, "अण्णा, माती हाय ती, तंबाखू न्हवं." अण्णा म्हणायचे, "आगली." हा त्यांचा कानडी शब्द, निपाणीकडं असा कुणाच्याही तोंडात असतो. असू दे, होऊ दे, चालतंय, पुढं बघू, हे सगळं अण्णा त्या एका शब्दात बसवायचे.

जळवांचा प्रकार तर निराळाच. पावसाळ्यात त्या रानात पाऊल टाकलं की पायाला जळवा. आम्ही मिठाची पुरचुंडी घेऊन फिरायचो, मीठ लावलं की जळू गळून पडते आणि मरते. अण्णांना ते बघवेना. ते निपाणीला गेले आणि येताना वखारीतल्या तळाची तंबाखूची पूड घेऊन आले. ती मोज्यांना चोळायची. वासानं जळू जवळ येत नाही, आणि आली तर तोंड फिरवून जाते, असा त्यांचा हिशेब. स्वतः जन्मात कधी तंबाखू खाल्ली नाही, पण आमच्या सगळ्यांचे पाय त्यांनी तंबाखूनं माखले. महिनाभर आमच्या झोपायच्या खोलीला वखारीचा वास येत होता. मी बोलायचं ते बोललेच, पण जळवा कमी झाल्या हे खरं आहे.

हे एवढं सांगितलं ते कशासाठी, तर पुढं जे झालं ते अण्णांना किती लागलं असेल याचा अंदाज यावा म्हणून.

गावाच्या वरच्या अंगाला देवराई आहे, रवळनाथाची. त्या राईत रामपत्रीचं एक फार जुनं झाड उभं होतं. रामपत्री म्हणजे रानातलं जायफळ. त्याच्या बियांवरचं लाल वेष्टण आपल्याकडं मसाल्यात घालतात. आजूबाजूच्या रानातली या जातीची झाडं कधीच तुटून गेली होती, आणि हे एक तेवढं देवाच्या भीतीनं राहिलं होतं. बुंधा आतून पोकळ झालेला. निखिल म्हणायचा, एखाद्या वळवाच्या वाऱ्यात हे बसणार, आणि त्याच्याबरोबर या खोऱ्यातली रामपत्री संपणार. त्याआधी त्याची रोपं करायला हवीत. पण देवराईतलं काहीही बाहेर न्यायचं नाही, खाली पडलेलं बीसुद्धा नाही, असा गावाचा दंडक. न्यायचं तर देवाला कौल लावायचा. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी पडली तर देवाची हरकत नाही.

निखिलनं बरेच महिने गावात खेटे घातले, आणि एका मे महिन्याच्या अखेरीला कौल मिळाला. अण्णा त्या वेळी राईच्या बाहेर उभे होते. ते आपल्या जिनदेवाशिवाय कुणापुढं हात जोडत नसत, आणि त्याबद्दल कुणाशी वादही घालत नसत. आम्ही जमिनीवर पडलेली फळं पाटीभर वेचून आणली. दुसऱ्याच दिवशी निखिलला परवान्याच्या कामासाठी बेळगावला जावं लागलं, आणि मीही घरी एक फेरी मारायला त्याच्याच गाडीतून गेले. जाताना तो अण्णांना म्हणाला, "अण्णा, बी तुमच्या ताब्यात. नीट ठेवा."

अण्णांनी नीट ठेवलं. वखारीत जन्म गेलेल्या माणसाच्या मनात नीट ठेवण्याचा एकच अर्थ असतो. त्यांनी भागूला मदतीला घेऊन प्रत्येक बी सोललं, गोणपाट अंथरलं, मृगाच्या आधीचं कडक ऊन होतं त्यात बिया पसरल्या, सकाळ-दुपार हातानं परतल्या, संध्याकाळी दव लागू नये म्हणून आत घेतल्या. आम्ही परत आलो तेव्हा ते पायरीवर वाट बघत बसलेले. आयुष्यात इतका खूश झालेला व्यापारी मी बघितला नाही. त्यांनी एक बी उचललं आणि निखिलच्या कानाशी हलवलं.

"ऐका. कशी वाजतीया. एका बीला बुरशी न्हाय."

बीच्या आतला गर खुळखुळत होता. निखिलनं दुसरं बी घेतलं, हलवलं, मग तिसरं. मग तो पायरीवर खाली बसला आणि म्हणाला, "अण्णा, ह्या रानातलं हे बी वाळलं की मरतं. याला ओलंच पेरावं लागतं."

अण्णांना आधी ते पटलं नाही. बी वाळवतात, हे त्यांना आईच्या पोटातून ठाऊक. ज्वारीचं वाळवतात, मिरचीचं वाळवतात, तंबाखूचं तर वाळवतातच. त्यांनी निखिलकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हातातलं बी परत एकदा कानाशी नेऊन हलवलं. नंतर त्यांनी ते गोणपाटावर ठेवलं, हळूच, झोपलेल्या पोराला ठेवावं तसं. भागू आतून म्हणाली, "मला वाटलं मसाल्याला पायजे असंल." तिच्यावर कुणी रागावलं नाही.

तरी आम्ही सगळं बी पेरलं. अण्णा रोज सकाळी झारी घेऊन त्या वाफ्याशी जायचे. आषाढ गेला, श्रावण गेला, वाफ्यातली माती हलली नाही. भाद्रपदात अण्णांचं दशलक्षण पर्व आलं. ते संपल्यावर क्षमावणीचा दिवस असतो, त्या दिवशी त्यांच्यात सगळ्या जिवांची क्षमा मागतात. अण्णांनी सकाळी निखिलपुढं हात जोडले, माझ्यापुढं जोडले, भागूपुढं जोडले. भागू लाजून पदर तोंडाला लावून आत पळाली. मग ते वाफ्यापुढं गेले आणि तिथं बराच वेळ उभे राहिले. परत आले ते नेम घेऊनच आले.

"रामपत्री उगवंपर्यंत ग्वाड बंद."

मी म्हणाले, "अण्णा, त्या झाडाला फळ कधी लागेल, लागेल की नाही, काही सांगता येत नाही. जन्मभर गोड सोडणार काय?"

"आगली," म्हणाले.

तेव्हापासून अण्णा बिनसाखरेचा चहा प्यायला लागले. गुळाची पुडी त्यांनी भागूच्या पोरींना देऊन टाकली. दिवाळीत फराळाचे डबे आले, त्यातली शेव आणि चकली तेवढी घेतली. मला अशा नेमांचा मनस्वी राग आहे. चूक झाली ती झाली, तोंड कडू करून बी उगवतं काय? मी हे त्यांना तोंडावर बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पिशव्या भरत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात झाडाला परत फळ धरलं, थोडंसंच. पण आता गाव बिथरलं होतं. देवानं दिलेलं तुम्ही मारलंत, आता परत कुठल्या तोंडानं मागता, असं गावकर, म्हणजे गावचे मानकरी, म्हणाले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. शेवटी एवढं ठरलं की ज्याच्या हातनं बी मेलं त्यानं देवापुढं उभं राहून तसं सांगावं, मग कौल लावू. निखिल म्हणाला, अण्णांना हे सांगायचं कसं, त्यांच्या धर्मात बसणार नाही. सांगायची पाळी माझ्यावर आली. अण्णा ऐकून म्हणाले, "क्षमा मागायलाच जायचं न्हवं? मग कुठंबी जातो की."

त्या दिवशी ते राईच्या आत आले. पायात चप्पल नाही, डोक्यावर टोपी नाही. गुरवानं पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. मग अण्णा पुढं झाले. मूर्तीकडं त्यांनी बघितलं नाही; ते वळून रामपत्रीच्या झाडाकडं तोंड करून उभे राहिले आणि हात जोडले.

"मी पारिस. निपाणीचा. ह्येची लेकरं मी वाळवून मारली. जाणून न्हाय मारली, पर मारली. चूक माझी हाय, ह्या पोरांची न्हाय. परत दिलं तर वलं ठिवीन."

गावकरांतल्या दोघातिघांनी एकमेकांकडं बघितलं, कारण माणूस देवाकडं पाठ करून बोलत होता. गुरव म्हातारा होता. तो म्हणाला, "झाड बी देवाचंच की. ऐकतोय त्यो." आणि आम्ही वाट बघत बसलो. पाकळी उजवीकडंही पडेना, डावीकडंही पडेना. एकदोघं उठून गेले. पावसाची एक सर येऊन गेली. अण्णा बसले नाहीत. त्यांच्या छातीत तंबाखूच्या धुळीचा जुना दमा होता, ओलाव्यात तो वर यायचा, आणि त्यांचा श्वास मला मागून ऐकू येत होता. त्या क्षणी मला त्यांच्या नेमाचा राग आला नाही, मला त्यांची काळजी वाटली. भागू माझ्या कानात म्हणाली, "देव इचार करतोय." मग उजवी पाकळी पडली. वारा आला होता, मी बघितलं. पण भूगोलाच्या मास्तरणीनं तिथं तोंड उघडायचं नसतं एवढं मला कळतं.

राईत वेचलेलं ते बी अण्णांनी ओल्या गोणत्यात गुंडाळून पोटाशी धरून आणलं. वाटेत दम लागला तरी कुणाच्या हातात दिलं नाही. त्याच दुपारी पेरलं. आणि त्याच आठवड्यात दम्यानं ते पार वाकले. निपाणीहून त्यांचा मुलगा महावीर गाडी घेऊन आला आणि त्यांना घेऊन गेला. डॉक्टरनं ओल्या हवेत जायला बंदी केली. अण्णांनी जाताना वाफ्यावरचा पाला नीट केला आणि मला म्हणाले, "बाई, झाकून ठिवा. ऊन लागू देऊ नका."

मग फोन. अण्णांचा एकच प्रश्न, "उगवलं काय?" मी म्हणायची, "अजून नाही." ते म्हणायचे, "आगली," आणि फोन ठेवायचे. एक दिवस महावीरचा वेगळा फोन आला; तो वडलांना आप्पा म्हणायचा. "बाई, आप्पा लई उतरलेत ओ. पोटात काय ऱ्हात न्हाय. ताकदीला म्हणून काय दिलं तर त्यात ग्वाड हाय म्हणून परत करत्यात. तुम्ही एकदा उगवलं म्हणून सांगा की. एवढं एक वाक्य." मी काही खोटं न बोलणारी बाई नाही. शाळेत तपासणीच्या दिवशी मी सगळ्या वर्गाकडून खोटं बोलवून घेतलेलं आहे. पण ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. ज्या माणसानं देवराईत उभं राहून सगळ्या गावासमोर खरं सांगितलं, त्याला मी फोनवर फसवायचं हे काही मला जमलं नाही. महावीर माझ्यावर रागावला. त्याच्या जागी मीही रागावले असते.

गणपती झाले, दसरा झाला. एका सकाळी निखिलनं मला वाफ्यापाशी बोलावलं. माती फुटली होती आणि तांबूस, टोकदार कोंब वर आला होता. आठवडाभरात आणखी काही आले. पहिल्याला दोन पानं फुटल्यावर मी निपाणीला फोन केला.

"अण्णा, उगवलं."

ते म्हणाले, "महावीरनं सांगितलं काय असं बोलायला?"

"नाही हो."

"आगली. पर माल बघितल्याबिगर सौदा न्हाय करत मी."

म्हणून मी ते रोप घेऊन निघाले. पिशवी डालडाच्या डब्यात, डबा मांडीवर. कणकुंबीहून बेळगाव आणि बेळगावहून निपाणी. कंडक्टरनं कानडीत विचारलं, हे काय आहे. मी म्हणाले, पाहुणा आहे, सासरी सोडायला चालले आहे. तो हसला आणि डब्याला तिकीट फाडलं नाही.

अण्णा पडवीत खुर्चीवर बसलेले. अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं, बोटं तेवढी तशीच लांब. डबा पुढ्यात ठेवला. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही, वाकून पानाला नाक लावलं. वास घेतला, सोडला, परत घेतला. पानाला हात लावला नाही. मग करंगळीनं बुडाची माती जराशी बाजूला केली. मातीत बी होतं, फुटलेलं, अजून रोपाला चिकटून असलेलं. अण्णांनी ते दोन बोटांत धरलं, हलकेच दाबलं. महावीर आणि त्याची बायको सुजाता दारात उभे.

"वलं हाय," अण्णा म्हणाले.

माती परत सारखी केली, बोट धोतराला पुसलं आणि आत बघून म्हणाले, "सुजाता, चहा टाक गं. साखर घालून."

चहा आला. अण्णांनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "लई ग्वाड झालाय," म्हणाले. सुजाता रडायलाच लागली. अण्णांनी तो सगळा चहा पिऊन संपवला, बशीत सांडलेलासुद्धा. मला वाटलं आता गप्पा होतील, जेवण होईल. पण कप खाली ठेवून ते माझ्याकडं वळले.

"बाई, राग मानू नका. ह्येला घेऊन लगेच निघा. हितलं ऊन लई वंगाळ. वाळंल."

मी म्हणाले, अर्धा तास काय होतंय? ते ऐकेनात. महावीरनं गाडीतून सोडायला नेलं तर हे पण गाडीत. निपाणीच्या स्टँडवर ऑक्टोबरचं ऊन नुसतं ओतत होतं. मला खिडकीची जागा मिळाली, ती नेमकी उन्हाच्या बाजूची. बस सुटायला वेळ होता. अण्णांनी महावीरच्या हातातली छत्री घेतली, उघडली आणि खिडकीला टेकवून बाहेरून वर धरली, सावली डब्यावर पडेल अशी. महावीर म्हणाला, "आप्पा, तुम्ही सावलीत व्हा की." त्यांनी लक्ष दिलं नाही. श्वास जोरात चाललेला, तरी छत्री हलली नाही. मी आतून म्हणाले, "अण्णा, पुरे आता, मी पदर धरते." ते म्हणाले, "धरा की. बस हलली की धरा."

बस हलली. अण्णा छत्री धरून चार पावलं बसबरोबर चालले. मी पदर धरला तेव्हा कुठं थांबले. हे माझं त्यांना शेवटचं बघणं. बस स्टँडच्या बाहेर वळली तेव्हा मी मागं बघितलं. अण्णा तिथंच उभे होते, टक्कल उन्हात, आणि छत्री अजून तशीच पुढं धरलेली.